वरच्या गाठीचं गाठोडं

१

काळं प्लास्टिक सोडलं आणि आतून कौलं निघाली.

चांगली मंगलोरी कौलं. प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यात उभी रचलेली, हलू नयेत म्हणून मधे जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली. तिथे शाळेचं मोठं मशीन, म्हणजे मोठा संगणक, असायला हवं होतं. हफसाने कौलांच्या फटीतून खोक्याच्या तळापर्यंत हात घातला. मशीन अजून थोडं खाली असेल अशी आशा तिला वाटत असावी.

"मॅडम, हे काय आहे?" तिने मला विचारलं.

मी, हेमाली भोईर, या शाळेची मुख्याध्यापिका. शाळेत काहीही बिघडलं की पहिला प्रश्न मलाच येतो, आणि उत्तर मला ठाऊक असतं अशी सगळ्यांची गोड समजूत आहे.

आमची शाळा अंजूरच्या पुढे, खाडीच्या अंगाला. आदल्या दुपारी वादळ आलं ते ऐन उधाणाच्या भरतीवर. खाडी बांध ओलांडून मैदानात शिरली, मैदानातून वर्गांत, आणि आम्ही पाचजण वरच्या मजल्यावर अडकलो. सकाळ झाली तरी जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या पाण्याखालीच होत्या. विजेचे खांब कंपाउंडमध्ये आडवे पडलेले. पाण्यात पाय घालायची कोणाची छाती नव्हती. एक व्हरांडा, एक वर्ग आणि कुलूप घातलेली ग्रंथालयाची खोली, एवढंच जग उरलं होतं. उकाडा असा की अंगातला ब्लाउज पिळून काढावा.

संगणक आम्ही त्या ग्रंथालयात ठेवले होते. खिडक्यांना गज, दार एकच. बाहेर विम्याच्या सर्व्हेअर बिल्किस बुबेरे उभ्या होत्या. जळालेली गोडाऊनं आणि भिजलेले कापडाचे तागे बघण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. लॅबचे फोटो काढायला त्या आदल्या दिवशी आल्या आणि आमच्याबरोबर अडकल्या. त्यांची स्कूटर खाली पाण्यात होती आणि त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"कुलूप नीट होतं?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासमोरच उघडलं की, आपा," हफसा म्हणाली.

"आणि किल्ली?"

हफसाने ओढणी सारली. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला किल्ली होती.

"काल कुलूप घातल्यापासून इथेच आहे. कोणाला दिली नाही."

खरं बोलून तिने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता.

२

हफसा मोमिन आमची संगणकाची शिक्षिका. निजामपुऱ्यातली, यंत्रमाग चालवणाऱ्या लूमवाल्यांच्या घरातली मुलगी. गोडाऊनच्या ऑफिसांनी टाकून दिलेले संगणक गोळा करून तिने मुलांच्या मदतीने ते जिवंत केले. त्यातून लॅब उभी राहिली. नोकरी मात्र कंत्राटी. येत्या महिन्यात संस्था तिला कायम करणार होती. त्यासाठी चारित्र्याचा दाखला माझ्याच सहीचा जायचा होता.

मोठं मशीन तेवढं नवं, गावाने वर्गणीतून घेतलेलं. लग्नात धवले गाणाऱ्या आक्काचं रेकॉर्डिंग मुलांनी त्यात केलं होतं. तरे यांच्या ओट्यावर बसून आक्का दिवसच्या दिवस गायली, आणि पुढच्याच थंडीत गेली. तिच्यासारखं गाणारी आता पंचक्रोशीत कोणी नाही. हफसा त्याची दुसरी प्रत करत होती. ती अर्धी झाली आणि वादळाचा इशारा आला, मेन स्विच पाडावा लागला.

मग आवराआवर सुरू झाली. हफसाने आधी सगळ्या वायरी काढायला लावल्या. खालच्या लॅबमध्ये एकेका मशीनवर ती वरून काळं प्लास्टिक टाकायची आणि कडा बुडाखाली दुमडायची. विशाल तरे ते उचलून वर न्यायचा. विशाल पडघ्याच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर. गावचाच पोरगा, टेम्पो घेऊन मदतीला आलेला. तोंडाचा पट्टा चालू.

"मिस, हे धरायचं कुठे? वर एक गाठ मारा ना. गाठोडं कसं, उचललं की चाललं."

"गाठ वर मारली की पत्र्यातून गळणारं पाणी गाठीतूनच आत जातं," हफसा म्हणाली. "आमच्या अब्बांनी सगळे लूम असेच झाकले, वरून. पाणी छतातून येतं."

"तुमच्याकडे छतातून येतं. आमच्याकडे खाडीतून येतं."

"म्हणून तर वर नेतोय ना, विशालदादा."

विशाल हसला, पण मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, मोठं मशीन माझ्याकडे द्या. आमच्या गोडाऊनचं जोतं रस्त्यापेक्षा उंच आहे. इथले पत्रे मागच्या पावसात गळले होते." मी हफसाकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. गावाच्या पैशाची वस्तू शाळेबाहेर जाणार नाही, असं तिचं म्हणणं, आणि ते मला पटलं.

शेवटी वाऱ्याने ग्रंथालयाची एक खिडकी उघडली आणि बिल्किसनी हफसाला हाक मारली. हफसा धावत वर गेली. मोठं मशीन तेवढं खाली राहिलं होतं, ते विशालने आणलं. तोवर भरदुपारी संध्याकाळ झाल्यासारखा काळोख पडला होता. हफसाने गाठोडी हाताने चाचपून मोजली, खोलीला कुलूप घातलं, आणि पाणी आलं.

आम्ही व्हरांड्यातून बघत असताना विशाल पुन्हा खाली गेला. टेम्पो बांधून येतो म्हणाला. टेम्पो फाटकाशी होता आणि पाणी कमरेच्या वर. आम्ही ओरडून घसा बसवला. तो परत आला तेव्हा छातीपर्यंत भिजलेला, आणि डोक्यावर खिचडीच्या तांदळाची गोण.

शिपाई लडकू दाराशी उभा होता. तो म्हणाला, "आरं, तांदलासाठी जीव टाकतंस व्हय?"

विशालने गोण उतरवून कोपऱ्यात भिंतीला टेकवली. त्याचे दात वाजत होते.

३

"पाणी उतरेपर्यंत इथून कोणी जात नाही," कौलांचं खोकं बघून बिल्किस म्हणाल्या. "म्हणजे मशीनपण कुठे जात नाही. बरंच आहे की. नाहीतर मला कुठे कुठे शोधायला लागलं असतं."

हा त्यांचा विनोद असावा. हसलं कोणी नाही.

त्यांनी खोकं उजेडात घेतलं. वर्तमानपत्राचा बोळा उलगडला, गालाला लावून बघितला आणि पुन्हा घडी करून पर्समध्ये ठेवला. मग सुटलेलं प्लास्टिक उचललं. त्याच्या चारी टोकांना पीळ पडला होता. हफसाने सोडलेल्या गाठीचे वळ अजून होते. बाकीची गाठोडी त्यांनी एकेक करून बघितली. सगळ्यांच्या कडा बुडाखाली दुमडलेल्या, वर गाठ कशालाच नाही.

"हेमालीबाई, ही कौलं कुठली?"

"जिन्याखाली रचलेली होती. जुन्या शेडची."

"आता जिन्याखाली काय आहे?"

"पाणी. आणि कालपासून एक दिवड," मी म्हणाले. साप बिनविषारी असतो हे मला माहीत आहे, तरी त्या जिन्याच्या बाजूला मी सकाळपासून फिरकले नव्हते.

एवढ्यात माझ्या फोनला रेंज आली. रेंजच्या आधी संस्थेच्या अध्यक्षांचा आवाज आला म्हटलं तरी चालेल. मी घडलं ते सांगितलं. आम्ही जिवंत आहोत का, हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं.

"किल्ली कोणाकडे होती?"

"हफसा मिसकडे. पण सर..."

"मग नाव लिहा. भरती ओसरली की होडी पाठवतो. पोलीस बरोबर असतील. तक्रार तुमच्या सहीने तयार पाहिजे." आणि माझ्या फोनची बॅटरी संपली.

व्हरांडा केवढासा. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. हफसा भिंतीला टेकून खाली बसली.

"मॅडम, चोर म्हणून होडीतून नेलं तर निजामपुऱ्यात बातमी माझ्या आधी पोचेल," ती म्हणाली. "मग कुठलीच शाळा मला दारात उभं करणार नाही. अम्मीला काय सांगू?"

तिला धीर द्यावा असं फार वाटलं. पण मी मुख्याध्यापिका होते आणि किल्ली तिच्याच गळ्यात होती. मी काही बोलले नाही, आणि त्या गप्प राहण्याची मला लाज वाटली.

तेवढ्यात पलीकडच्या वर्गातल्या लोखंडी कपाटातून कोणीतरी आतून ठोकल्यासारखा आवाज आला.

४

कपाटासमोर लडकू दोन्ही पाय रोवून उभा राहिला. आदल्या आठवड्यात झाडावरून पडून त्याचा खांदा निखळला होता, हात झोळीत. एका हाताने तो काय अडवणार?

"बाय, कपाटात काय न्हाय."

"मग ठोकतंय कोण?" बिल्किसनी विचारलं.

लडकूने माझ्याकडे बघितलं. मागे एकदा शाळेत कोंबड्या आणू नकोस म्हणून मी त्याला मेमो दिला होता. त्याने दार उघडलं आणि एक तांबडी कोंबडी रागारागाने बाहेर पडली.

"घरा पानी भरलंतं," लडकू म्हणाला. "अंड्यावरची हाय. सोडून कशी येनार?"

इतक्या तासांत पहिल्यांदाच हफसा किंचित हसली. कोंबडी मात्र कोणाकडे न बघता थेट खोलीच्या कोपऱ्यात गेली. तिथे तांदळाची गोण भिंतीला टेकून उभी होती आणि गोणीला पाठ लावून विशाल बसला होता. रात्रीही तो तिथेच झोपला, गोणीवर हात टाकून. कोंबडी त्याच्या पायाजवळ टकटक करत काहीतरी टिपू लागली.

"हड्," विशालने तिला हाकललं.

"राहू दे तिला," लडकू म्हणाला. "इशाल, त्यातला मूठभर तांदूल दे. शेगडी हाय, घासलेट हाय. काल दुपारपासून निस्ती बिस्किटा खाल्ली. भात टाकतंय."

"सांगितलं ना काका, तांदूळ भिजलाय. खाडीचं पाणी गेलंय आत. पोटं बिघडली तर इथून दवाखान्यात कोण नेणार?"

 कोंबडी पुन्हा वळून आली. बिल्किस वाकल्या आणि जमिनीवरचा एक दाणा उचलून त्यांनी दाताखाली धरला. कट्ट असा आवाज मलाही ऐकू आला. 

मग त्यांनी विशालला साध्या आवाजात विचारलं, "विशाल, तुला काय वाटतं? हफसाने मशीन लपवलं असेल?"

"नाही," विशाल म्हणाला. "मिसनी नाही घेतलं. त्या घेणारच नाहीत."

"इतकी खात्री?"

"हो."

"मला नाही," बिल्किस म्हणाल्या. "ती माझ्या गल्लीतली, तिच्या आईला मी ओळखते, तरी मला एवढी खात्री नाही. तुला कशी काय?"

विशालने पाय जवळ ओढून घेतले आणि कोंबडीला पुन्हा हाकललं.

५

दुपार चढली. वादळ गेल्यावर आभाळ निर्लज्जासारखं निळं झालं होतं आणि खालच्या पाण्यावरून कुबट वाफ येत होती. प्यायचं पाणी एक कळशीभर उरलं होतं. ते लडकूने झाकून, वर पाटी ठेवून, माझ्या खुर्चीशेजारी आणून ठेवलं. माझ्या देखरेखीखाली पाणी कमी संपतं असं त्याला वाटत असावं.

मी कागद घेतला. "मुद्देमाल ज्या खोलीत होता त्या खोलीची किल्ली" एवढं लिहून झालं. पुढे नाव लिहायचं होतं. पेन पुढे जाईना. समोर हफसा बाकीची मशीनं पुसत होती. अजून सुरू करू नका म्हणाली होती, दमट हवा आहे, दोन दिवस उन्हात वारा लागू द्या. चोर ठरायला आलेली मुलगी आमच्याच मशीनांची काळजी करत होती.

"मला एक सांगा," बिल्किस माझ्या बाजूला येऊन बसल्या. "तुमच्याकडे पडघ्याला घरात पाणी शिरतं?"

"छे. पडघा उंचावर. आमच्याकडे पाणी फक्त नळातून येतं, तेही कधीतरी."

"म्हणजे पाण्यातून सामान काढायची तुम्हाला सवय नाही. मला नाही, हफसाला नाही. आम्ही लूमवाले. आमचं सामान जमिनीत बोल्टने कसलेलं, ते उचलायचा प्रश्नच नाही. वरून झाकायचं, बस." त्यांनी पर्समधला वर्तमानपत्राचा बोळा माझ्या हातात दिला. "हे बघा."

"काय बघू? जुना पेपर आहे."

"हात लावून सांगा."

मी लावला. आणि माझ्या हातातलं पेन खाली पडलं.

खालून, लांबून, कोणीतरी हाक मारली. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे गावातल्या तुळशीरामची होडी दिसत होती. होडीत खाकी कपड्यांतली दोन माणसं बसलेली. तारा पडल्यामुळे तिला आत येता येईना. "वल्ह्यानं तारा सारून वाट करतंय, घटकाभर थांबा," तुळशीराम ओरडला.

बिल्किस उठल्या. "चला. घटकाभर पुष्कळ झाला."

६

त्यांनी सगळ्यांना वर्गात बसवलं. बाकांवर आम्ही चौघं आणि फळ्यापाशी त्या. कोंबडी टेबलाखाली.

"आधी जेवू," त्या म्हणाल्या. "लडकूभाऊ, शेगडी पेटवा. विशाल, गोण सोड."

"मॅडम, तांदूळ..."

"भिजलाय. माहीत आहे. भिजलेला माल बघून मी पोट भरते, बेटा. या उकाड्यात ओला तांदूळ एका रात्रीत फुगतो, आंबतो, गोण ताणली जाते, खोलीत उभं राहवत नाही. तुझ्या गोणीला वास नाही. सांडलेला दाणा कोंबडी मजेत खातेय, आणि मी चावला तर दात दुखला. तू पाण्यात जीव घालून डोक्यावरून तांदूळ आणतोस आणि उपाशी माणसांना एक मूठ देत नाहीस. का?"

विशाल गोणीकडे बघत बाकावरच बसून राहिला.

"ते राहू दे. कौलांपासून सुरू करू. खोलीला कुलूप, किल्ली हफसाकडे. सगळे म्हणतात, मशीन हफसाने काढलं आणि कौलं भरली. कधी भरली? कौलं जिन्याखाली होती. पाणी आल्यावर ती बुडाली. पण खोक्यातली कौलं कोरडी आहेत आणि पेपर करकरीत कोरडा आहे. म्हणजे ते खोकं पाणी यायच्या आधी भरलं. तेव्हा हफसा वर माझ्याबरोबर खिडकीला बाक लावत होती. हेमालीबाई व्हरांड्यात फोनवर होत्या, आम्हाला त्यांचा आवाज येत होता. तो आवाज न येणं कठीणच. लडकूभाऊंना एका हाताने एवढं वजन उचलत नाही."

माझ्या आवाजाबद्दल मी नंतर बोलायचं ठरवलं.

"मोठं मशीन खोलीतून गेलं नाही, कारण ते खोलीत आलंच नाही. कुलपाचा, किल्लीचा प्रश्नच नव्हता. हफसाने काळोखात गाठोडी मोजली ती बरोबर भरली. पण एका गाठोड्याला वर गाठ होती. हफसा वर गाठ मारत नाही. पाण्यातून घर काढायची ज्याला लहानपणापासून सवय आहे तो घाईत असला की चार टोकं उचलतो आणि वर गाठ मारतो. उचललं की चाललं. असं काल कोण म्हणालं होतं?"

सगळ्यांना आठवलं. विशाल उठून उभा राहिला. एक क्षण मला वाटलं, हा आता पळणार. पण पळायला होतं कुठे? दाराबाहेर जिना, जिन्यात पाणी.

त्याने गोणीचा दोरा सोडला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. तांदूळ भसाभसा जमिनीवर सांडला. आतून मोठं मशीन वर आलं, फटीफटीत तांदळाचे दाणे अडकलेले.

"चोरायचं नव्हतं," तो म्हणाला.

७

"मी गोडाऊनला नेणार होतो. उंचावर. टेम्पोत ठेवलं, मिसनी झाकलं होतं तसंच. वाटलं, वादळ गेलं की आणून देईन, कोणाला कळणार नाही. पण पाणी इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं. गेलो तर टेम्पोच्या हौद्यात गुडघाभर. प्लास्टिक वरून नीट होतं, पाणी खालून शिरलेलं."

"झाकण वरच्या मजल्यासाठी होतं," हफसा म्हणाली. "टेम्पोसाठी नव्हतं."

"मी नको म्हटल्यावरही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "आणि ही पोरगी सकाळपासून चोर म्हणून बसलीय ते दिसत नव्हतं तुला?"

"दिसत होतं," विशाल म्हणाला. "सांगणार होतो. सुकलं की सांगणार होतो. बुडवलं कसं सांगू? आक्का आहे त्यात." आक्का त्याची सख्खी आजी. तो कोणाकडेच बघत नव्हता. "आजी गेली तेव्हा मी ड्युटीवर होतो. डबल शिफ्ट. रेकॉर्डिंग चाललं होतं तेव्हापण ड्युटीवर. घरचं गाणं सगळ्या गावाने ऐकलं, मी ऐकलं नाही. म्हटलं, प्रत मिळेल तेव्हा निवांत ऐकू. खिचडीच्या खोलीत माळ्यावरची गोण कोरडी होती. तांदळात मोबाईल सुकतो ना, म्हणून..."

लडकूने तोंड फिरवलं. आक्काच्या धवल्यांवर त्याचंही लग्न लागलं होतं.

"मोबाईलसुद्धा सुकत नाही, विशालदादा," हफसा म्हणाली. "आपण सगळे उगाच ठेवतो." माझ्या घरी एक फोन तांदळाच्या डब्यात रात्रभर राहून आला आहे, त्यामुळे मी गप्प बसले. "पाणी उडून जातं, पण मीठ आत राहतं. खारं पाणी सुकलं की मीठ धातू खात बसतं. आता सुरू केलं असतंस तर जळालंच असतं. लाइट नव्हती म्हणून वाचलं."

ती मशीनशेजारी मांडी घालून बसली. ओढणीच्या टोकाला बांधलेला छोटा पेचकस काढला, बाजूचा पत्रा उघडला आणि आतून तळहाताएवढी चपटी डिस्क काढली. जोडणीच्या तोंडाशी मिठाची पांढरी बुरशी आली होती.

"सगळं यात आहे. फिरणारं काही नाही, धुतलं तर चालतं. पण गोड्या पाण्याने, भरपूर, आणि आत्ता. आणखी सुकलं तर गेलं." मग ती थांबली. तिची नजर माझ्या खुर्चीशेजारच्या कळशीकडे गेली. "ते प्यायचं आहे. होडी आत आली नाही तर दुसरं नाही. मी सांगू शकत नाही. तुम्ही सांगा."

बाहेर तुळशीराम अजून तारांशी झगडत होता. आज आत येईल की उद्या, कोणाला माहीत नव्हतं. माझ्या जिभेला केव्हाची कोरड पडली होती. त्या कळशीकडे मी सकाळपासून किती वेळा बघितलं ते माझं मला माहीत.

"धू गो बाय," लडकू म्हणाला. "आक्कानं माज्या लग्नात दोन रात्री घसा फोरला. मना एक दीस तहान लागली तर काय जालं?"

बिल्किसनी नुसती मान डोलावली. मी पाटी काढली आणि कळशी उचलून दिली. विशालने ती धरली. हफसा सांगेल तशी त्याने धार धरली, बारीक, न थांबता, आणि हफसा मशीनं पुसायच्या ब्रशने एकेक खाच साफ करत गेली. पाणी पालथ्या पाटीवरून वाहत जमिनीवर गेलं. तहानलेले आम्ही ते जाताना बघत बसलो. विशालने धार तुटू दिली नाही.

होडी आत आली तेव्हा कळशी रिकामी होती. खाकीतल्या माणसाने तक्रार मागितली. मी अर्धा लिहिलेला कागद फाडून पर्समध्ये टाकला आणि सांगितलं की मशीन सापडलं आहे, ते शाळेबाहेर गेलंच नव्हतं. टेम्पो फाटकाच्या आतल्या बाजूला होता, म्हणजे मी खोटं बोलले नाही. विशालने अध्यक्षांना मात्र स्वतः जाऊन सगळं सांगितलं. सांगितलंच पाहिजे, ही हफसाची अट होती. त्याने जी खायची ती बोलणी खाल्ली. हफसाच्या दाखल्यावर मी त्याच आठवड्यात सही केली.

शाळा सुरू झाल्यावर एका शनिवारी हफसाने विशालला बोलावलं. तो शिफ्ट संपवून तसाच आला होता, गळ्यात गोडाऊनचं ओळखपत्र. धुतलेली डिस्क दुसऱ्या मशीनला जोडलेली होती. चालेल की नाही, तिने आधी बघितलं नव्हतं. त्याच्यासमोरच बघायचं असं तिने ठरवलं होतं.

बराच वेळ पडदा काळा राहिला. मग तरे यांचा ओटा दिसला, आणि आक्काचा आवाज लॅबभर पसरला. हळद लावतानाचा धवला. बाजूच्या वर्गातली पोरं दारात येऊन उभी राहिली आणि मी त्यांना हाकललं नाही.

गाणं मधेच थांबलं. पडद्यावर आक्काने हात वर करून मुलांना गप्प केलं आणि रस्त्याकडे मान वळवली.

"जरा थांबवा रं ता. गारीचा आवाज आला. आमचा इशाल आला का बघा. जेवलास का रं?"

कोणी आलं नव्हतं. गाडी दुसऱ्याच कोणाची होती. आक्काने थोडा वेळ वाट बघितली आणि पुन्हा गाऊ लागली.

हफसा हळूच म्हणाली, "हा तुकडा मी कापणार होते. गाण्यात मधे येतो म्हणून."

विशालने ते ऐकलंच नाही. तो पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा होता.

"जेवलो, आक्का," तो म्हणाला.